आजोबांच्या चित्रातला बुरूज

येळ्ळूरची नात:
आजोबांनी काढलेलं एक वॉटरकलर आमच्या सोप्यात टांगलंय. खाली चिखल केलेली भाताची वावरं, वर पावसाचं आभाळ, उजव्या अंगाला राजहंसगडाचा बुरूज. 2023 साली गडावर महाराजांचा पुतळा बसला, तो यात नाही. चित्र त्याच्या कितीतरी आधीचं. परवा एक पाहुणे बघून म्हणाले, "एकटा बुरूज म्हणजे म्हातारपणीचा एकटेपणा." मला ते काही पटेना, पण का ते सांगताही येईना. तुम्ही कसं बघाल?

खानापूरकर:
ताई, बुरुजात दुःख वाचता येतं, पण त्याला आधार लागतो. कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं 'हॅडली कॅसल' बघा. त्या पडक्या गढीचं स्केच त्यानं 1814 मध्येच केलं होतं. मोठं तैलचित्र मात्र 1829 चं, बायको वारल्यावर काही महिन्यांतलं. बुरूज उभा चिरलेला, आभाळ खवळलेलं. आजोबांच्या चित्रात असं काही आहे का?

निपाणीचा ड्रॉइंग मास्तर:
अर्थ मागनं काढा, आधी मोजा. बुरुजानं कागद किती घेतलाय? सगळ्यात गडद रंग कुठं आहे? कोरा कागद कुठं सोडलाय? बुरूज फिका दिसला म्हणून लगेच उदास म्हणू नका. पावसाळी हवेत लांबचं सगळं फिकं, निळसर दिसतं, कडा विरतात. वॉटरकलरवाला ते मुद्दाम साधतो. काच काढा आणि उजेडात तिरपं धरून बघा, पेन्सिलीच्या रेघा दिसतील.

येळ्ळूरची नात:
सर, आज फ्रेम उघडली. बुरूज माझ्या अंगठ्याएवढा, पातळ राखाडी, खालची कड तर ढगात विरघळूनच गेलीय. सगळ्यात गडद रंग बांधाला. बांधाखाली रोप लावणाऱ्या चार बायका, आणि त्यांच्या इरल्यांवर कोरा कागद सोडलाय. इतकी वर्षं मी त्यांना दगड समजत होते! बुरुजाच्या वर पेन्सिलीची आणखी एक रेघ सापडली. आधी तो बोटभर उंच काढला होता, रंगवताना कमी केलाय. त्या जागी आता पाऊस आहे.

आजीला दाखवलं. ती बुरुजाकडं बघेचना. बायकांवर बोट ठेवून म्हणाली, "तिसरीची पात राहिलीय बघ."