गाल भरायचे तर फिलर, स्वतःची चरबी की कोलॅजनची इंजेक्शनं?

चाफेकळी
गाल बसले, डोळ्याखालून नाकाच्या कडेने खोबण दिसायला लागली, की बाणेर-औंधपासून कोरेगाव पार्कपर्यंत कुठल्याही क्लिनिकमध्ये तीन पर्याय समोर येतात: हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर (सुईने भरायचं जेल), पोटा-मांडीची चरबी काढून गालात भरणं, किंवा स्कल्प्ट्रासारखी कोलॅजन वाढवणारी इंजेक्शनं. माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने फिलरच घ्यावं, कारण तिघांपैकी तेवढंच विरघळवता येतं. आकार बिघडला, एक गाल जास्त फुगला, तर हायलुरॉनिडेज देऊन एक-दोन दिवसांत उतरवता येतो. चरबी आणि स्कल्प्ट्राला असा उतारा नाही.

प्रमाणही आवाक्यात असतं. सुरुवातीला एका बाजूला १ मिली, म्हणजे दोन्ही गालांना मिळून दोन सिरिंज. गालाच्या हाडावर थेट हाडाला टेकवून ०.१-०.२ मिलीचे थेंब सोडतात. पुढच्या मऊ भागात मात्र सुईऐवजी २२ किंवा २५ गेजची बोथट कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) वापरायला सांगा, कारण तिथे डोळ्याखालच्या हाडातल्या छिद्रातून धमनी बाहेर येते. दोन आठवडे थांबून सूज उतरली की बघायचं आणि मगच पुढची सिरिंज. एका बैठकीत चार-पाच सिरिंज 'पॅकेज' म्हणून देऊ करणाऱ्यांपासून लांब राहा.

ताम्हिणी
चाफेकळी, तुमचा मुद्दा थोड्या खोलगटपणाला लागू आहे. पण २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी औषधं भारतात आल्यापासून झपाट्याने वजन उतरवून गाल खपाटीला गेलेले लोक वाढले आहेत, आणि त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे एका बाजूला ४ मिली तरी भर हवी. फिलरने ती करायची तर आठ सिरिंज लागतील, आणि वर्ष-दीड वर्षाने पुन्हा खर्च. शिवाय हे जेल पाणी धरतं. जास्त घातलं की डोळ्याखाली सकाळी सूज दिसते आणि हसताना गाल वर चढून डोळे बारीक होतात. 'विरघळून जातं' असं सांगतात, पण एमआरआयमध्ये काही वर्षांनंतरही फिलर दिसलेलं आहे. दर वर्षी ठरवून भरत राहिलं तर ते साठत जातं.

अशा चेहऱ्याला चरबीच योग्य. एका बाजूला ८ मिली भरली आणि निम्मी टिकली, तरी ४ मिली कायमची मिळाली.

चाफेकळी
'निम्मी टिकली तर' याच शब्दांत सगळी अडचण आहे, ताम्हिणी. टिकण्याचं प्रमाण साधारण ३० ते ७० टक्के, आणि दोन गालांत ते वेगळं निघू शकतं. भरताना जास्त भरावी लागते म्हणून पहिले दोन-तीन आठवडे चेहरा सुजलेला असतो, आणि खरा निकाल तीन महिन्यांनी कळतो. पुढे वजन वाढलं की ती चरबीही वाढते. औषध बंद केल्यावर वजन परत येणारे किती आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे.

ताम्हिणी
वजनाचं मान्य. म्हणून सहा महिने वजन स्थिर नसेल तर चरबी भरूच नये, असं माझंही म्हणणं आहे. पण टिकणं नशिबावर नसतं, पद्धतीवर असतं. कोलमन पद्धतीत लिडोकेन आणि ॲड्रिनलिनचं पाणी सोडून हाताच्या सिरिंजने हलक्या दाबाने चरबी काढतात, कारण मशीनच्या जोरदार ओढीने पेशी फुटतात. मग ती यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने ३ मिनिटं फिरवायची, वरचं तेल आणि खालचं रक्तमिश्रित पाणी टाकायचं आणि मधली चरबी १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरायची. खरी कसोटी भरताना लागते. कॅन्युला मागे घेत घेत, वेगवेगळ्या थरांत, दर वेळी ०.१ मिलीहूनही कमी. रोपं दाट लावली की मधली मरतात तसंच इथे होतं: एका जागी गोळा सोडला तर आतल्या पेशींना रक्त पोचत नाही आणि तेलाची गाठ किंवा कॅल्शियमचा खडा उरतो. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. म्हणून हे काम प्लास्टिक सर्जनचंच.

सिंहगड_पायथा
दोघेही कोलॅजनच्या इंजेक्शनांवरून पटकन पुढे गेलात. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडला, म्हणजे स्कल्प्ट्रातल्या मूळ घटकाला, अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रकाने) २००४ मध्ये मान्यता दिली, तीच मुळी एचआयव्हीच्या औषधांनी गाल बसलेल्या रुग्णांसाठी. म्हणजे सर्वत्र पातळ झालेल्या गालांसाठी ते जुनं, परिचित साधन आहे. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका, आणि परिणाम साधारण दोन वर्षं. इंजेक्शननंतर दिसणारा भरीवपणा निव्वळ पाण्याचा असतो, दोन-तीन दिवसांत जातो. तेव्हा घाबरून आणखी भरून घेऊ नका. पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस मालिश करायची. हे औषध पावडरच्या रूपात येतं; पूर्वी ती पाण्यात घट्ट कालवली जायची, त्यामुळे गाठी जास्त व्हायच्या. आता कुपीत ८-९ मिलीपर्यंत पातळ करतात.

चाफेकळी
आणि तरीही गाठ आली तर ती काही महिन्यांनी येते आणि तिला उतारा नाही. स्वप्रतिकाराचे (ऑटोइम्यून) आजार असणाऱ्यांनी तर यापासून दूरच राहावं.

मुळाकाठ
मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही: गाल नक्की कुठे बसला आहे? हाडाच्या पुढचा भाग सपाट झाला असेल तर खोलवरची चरबी आणि वरच्या जबड्याचं हाड मागे गेलेलं असतं, तिथे फिलर उत्तम. पण खोलगा दाढांच्या पातळीवर असेल तर आधी तोंड उघडून बघा. वरच्या दाढा काढून वर्षं लोटली असतील तर हाड झिजतं आणि गालाचा आधार जातो. तिथे कवळी किंवा इम्प्लांटचा निर्णय आधी, सुई नंतर. कातडी सैल होऊन खाली उतरली असेल तर भरून वर उचलायला जाऊ नका. चेहरा नुसता रुंद होतो.

आणि 'फिलर उलटवता येतं' हा दिलासा डोळ्यांच्या बाबतीत पुरत नाही. फिलर धमनीत जाऊन डोळ्याचा रक्तपुरवठा बंद झाला तर हातात जेमतेम तास-दीड तास असतो, आणि हायलुरॉनिडेजने दृष्टी परत येईलच असं नाही. चरबीनेही हे होऊ शकतं, आणि तिथे तर औषधच नाही.

चाफेकळी
हे खरं आहे, आणि म्हणूनच जागेवर तयारी हवी. त्वचेची धमनी तुंबली तर आधी कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळे डाग आणि वाढत जाणारी वेदना. अशा वेळी दर तासाला ५०० ते १५०० युनिट हायलुरॉनिडेज द्यावं लागतं. क्लिनिकमध्ये १५०० युनिटच्या किती कुपी आत्ता आहेत, हे आधी विचारा. 'मागवून घेऊ' हे उत्तर मिळालं तर उठून या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा, सीलबंद सिरिंज समोर उघडायला लावा आणि बॅच नंबरचं स्टिकर स्वतःच्या कागदावर चिकटवून घ्या. सौंदर्यासाठीच्या उपचारावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा तो खर्च देत नाही, म्हणून भाव विचारताना करासकट विचारा.

ताम्हिणी
या तयारीवर दुमत नाही. पण वीस किलो उतरलेल्या माणसाला मी दोन सिरिंज सुचवणार नाही. फरक दिसणार नाही, आणि तो पुन्हा पुन्हा भरत राहील.

वेळेचंही आत्ताच सांगते. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर चरबी आषाढापर्यंत भरून घ्या. फिलर नवरात्राच्या आसपास केलं तरी चालेल. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट गाल दाबतं, आणि घट्ट बांधलेला स्कार्फसुद्धा. फिलरनंतर दोन-तीन दिवस आणि चरबीनंतर दोन-तीन आठवडे दुचाकी बंद, पालथं झोपणं बंद. हेल्मेट काढून चालवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, रिक्षा करा.