मेडनच्या अठराव्या अल्बमचं नाव निरोपाचं असणार का?

टिळकवाडीचा एडी
आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे स्टुडिओ अल्बम सतरा झाले. शेवटचा 'सेनजुत्सु', ३ सप्टेंबर २०२१ चा. अठरावा येईल तेव्हा त्याचं नाव निरोपाचंच असणार, यावर मी ठाम आहे. ड्रमर निको मॅकब्रेननं डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोला शेवटचा शो वाजवून दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. बँडच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या 'रन फॉर युवर लाइव्ह्ज' दौऱ्यात गाणी कुठली, तर १९८० ते १९९२ या काळातली. म्हातारा माणूस जुने फोटो काढून बसला की घरातल्यांना जे समजतं, ते आपल्याला समजू नये?

खानापूरचा बेस
दादा, ही रड २०१० मध्येच ऐकून झालीय. बँडचा संस्थापक आणि बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस आधीपासून म्हणायचा की पंधरा अल्बम करायचे आहेत. नेमक्या पंधराव्याचं नाव आलं 'द फायनल फ्रंटियर'. लोकांनी लगेच तेरावं घालून टाकलं! त्यानंतर २०१५ मध्ये 'द बुक ऑफ सोल्स' आला, मग 'सेनजुत्सु', आणि दोन्ही डबल अल्बम.

जुन्या गाण्यांच्या दौऱ्याचं म्हणाल तर 'समव्हेअर बॅक इन टाइम' आठवा. १ फेब्रुवारी २००८ ला तो मुंबईतूनच सुरू झाला. त्यातही भर ऐंशीच्या दशकावरच होता की. मग पुढच्या अल्बममध्ये, म्हणजे 'द फायनल फ्रंटियर'मध्ये, साहेब मागे वळले का? थेट अंतराळात गेले.

(सीमाभागात राहण्याचं एक सुख मात्र आहे. मेडन मुंबईत आली काय आणि २००७, २००९ सारखी बंगळुरात आली काय, आपल्याला दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर आणि एक रात्र.)

शहापूरची रिफ
तुम्ही दोघं निरोपातच अडकलात. आकडा बघा. 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' हा सातवा, १९८८. 'द एक्स फॅक्टर' हा दहावा, १९९५, आणि एक्स म्हणजे रोमन दहा. 'व्हर्च्युअल इलेव्हन' अकरावा, १९९८. त्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्ड कप होता आणि हॅरिस वेस्ट हॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता, म्हणजे अल्बमचे अकरा आणि संघातले अकरा, दोन्हीकडून बसले. अठराव्यातही कुठेतरी अठरा लपवणार, बघाच.

निपाणीकर
सतरामधले तीन अल्बम हेरायचे आणि बाकी चौदा चटईखाली सारायचे, याला नियम म्हणत नाहीत ताई. बारा ते सतरामध्ये आकडा कुठल्या नावात आहे, एक दाखवा.

आणि हा बँड खुणा टाकतो तो चकवण्यासाठी. २०२१ मध्ये 'बेलशाझर्स फीस्ट' लिहिलेलं पोस्टर आलं, खाली तारीख १५ जुलै. गायक ब्रूस डिकिन्सन तेच छापलेला टी-शर्ट घालून मुलाखतीला बसला. सगळे म्हणाले, अल्बमचं नाव मिळालं! बायबलमध्ये त्या राजाच्या मेजवानीत भिंतीवर बोटं उमटून अक्षरं लिहितात. १५ जुलैला निघालं काय, तर 'द रायटिंग ऑन द वॉल' नावाचं गाणं. अल्बमचं नाव चार दिवसांनी कळलं, आणि त्यात राजा नव्हता की मेजवानी नव्हती. खूण खरी होती, पण ती गाण्याची होती.

कॅम्पातले काका
पोरांनो, नावाला एवढं काय धरून बसलाय? 'पीस ऑफ माइंड'चं आधी 'फूड फॉर थॉट' ठरलं होतं. तेच राहिलं असतं तर त्यातलं 'द ट्रूपर' गाणं कमी वाजलं असतं का? बघायचंच असेल तर मुखपृष्ठ बघा. 'समव्हेअर इन टाइम'ची एलपी मी अजून भिंग घेऊन बघतो. त्यातल्या घड्याळात २३:५८ वाजलेत, म्हणजे मध्यरात्रीला दोन मिनिटं कमी, त्यांच्याच 'टू मिनिट्स टू मिडनाइट' गाण्यातली. एका फलकावर वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३. चित्रकार डेरेक रिग्सनं कोपऱ्याकोपऱ्यात काय काय भरून ठेवलंय! नावात एवढा माल कुठला?

शहापूरची रिफ
काका, बेळगावात बसून तुम्ही म्हणताय की नावात काही नसतं? १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं 'बेळगावी' झालं, पाट्या बदलल्या, त्यावर तुम्हीच तासभर बोलला असाल.

कॅम्पातले काका
तो विषय इथे नको. अल्बमचं बोल.

टिळकवाडीचा एडी
काकांचं मुखपृष्ठ मान्य, पण माझा मुद्दा तसाच आहे. २०१० मध्ये सगळे सहाजण स्टेजवर होते. आज ड्रमवर सायमन डॉसन बसतो. हा फरक आकड्यांनी आणि टी-शर्टांनी पुसला जात नाही. निरोपाचा शब्द येणार.

खानापूरचा बेस
मग आत्ताच ठरवून टाकू. 'लास्ट', 'एंड', 'फेअरवेल' यांपैकी काही नावात आलं तर तुमचं खरं. चालेल?

टिळकवाडीचा एडी
आतल्या एखाद्या गाण्याच्या नावात आलं तरी माझंच खरं.

खानापूरचा बेस
मुळीच नाही. आतल्या गाण्यांत मरण पहिल्यापासून आहे. १९८२ च्या 'हॅलोड बी दाय नेम'मध्ये फाशीचा कैदी शेवटचे क्षण मोजतोय, तेव्हा कुठे बँड संपला? मुखपृष्ठावर छापलेलं नाव तेवढंच धरायचं.

टिळकवाडीचा एडी
आणि मुखपृष्ठावर एडी, बँडचा तो सांगाडा-भूत, थडग्यात दाखवला तर?

खानापूरचा बेस
'लाइव्ह आफ्टर डेथ' या लाइव्ह अल्बमवर तो १९८५ मध्येच थडगं फोडून बाहेर आलाय. धरणार नाही.