अनुभव धागा: २०२१-२२ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) हंगाम तुम्ही कुठं बसून बघितला?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात हैदराबाद एफसीकडं होता. त्यामुळं एरवी आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपलीकडं फुटबॉल न मानणारी माणसंही टीव्हीसमोर बसली. आपापलं लिहा. पेठांची भांडणं इथं नकोत (जमल्यास).

माहेर पाटाकडील, सासर शिवाजी तरुण
कोल्हापूरच्या लीगमध्ये या दोन तालमींच्या टीमची मॅच असली की मामंजी माझ्याशी त्या दिवशी बोलत नाहीत. हैदराबाद-केरळा ब्लास्टर्स फायनलला पहिल्यांदाच आम्ही एका बाजूनं ओरडलो. ६८व्या मिनिटाला केरळाच्या राहुल केपीनं गोल मारला. मामंजींच्या हातातला चहा तसाच गार झाला. ८८व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तवोरानं व्हॉली हाणून बरोबरी केली आणि तो गार चहा सोफ्यावर! डाग अजून आहे. पुढं हैदराबादचा गोलकीपर कट्टीमनीनं पेनल्टी अडवायला सुरुवात केली तेव्हा मामंजी देवघरात जाऊन बसले. मी बाहेरून स्कोअर ओरडून सांगत होते.

आंबोलीमार्गे फातोर्डा
कोविडमुळं अख्खा हंगाम गोव्यातच, तोही बंद दाराआड; फायनल तिथल्याच फातोर्डा स्टेडियमवर. २० मार्चच्या फायनलला पब्लिक सोडणार म्हटल्यावर आम्ही चौघं गाडी काढून निघालो. स्टँडमध्ये केरळाचं पिवळं पब्लिक, जिकडं बघावं तिकडं. मजा अशी, की पिवळा रंग दोन्ही टीमचा, पण लीगमध्ये वर राहिल्यामुळं तो मिळाला हैदराबादला आणि केरळा उतरली काळ्या जर्सीत. म्हणजे पिवळे लोक पिवळ्यांविरुद्ध बोंबलत होते! पेनल्टीवर हैदराबाद ३-१ जिंकलं तेव्हा आमच्यातला एकजण 'नाद खुळा' म्हणून किंचाळला. पुढच्या रांगेनं मागं वळून बघितलं, मग आम्ही शहाण्यासारखे गप्प.

थोडं विरोधात
मला नाही भिडला तो हंगाम. रिकाम्या खुर्च्या आणि वरून टीव्हीवर सोडलेला नकली आरडाओरडा. शाहू स्टेडियमवर लाइनमनलासुद्धा पब्लिक सोडत नाही, त्याला मॅच म्हणतात. आणि लीगमध्ये पहिलं आलं जमशेदपूर, ४३ गुण, हैदराबाद ३८. अनिकेत त्याआधी जमशेदपूरलाच होता. शिल्ड (लीगमध्ये पहिल्याला) मोठी की कप (फायनल जिंकणाऱ्याला), यावर आमच्या कट्ट्यावर दोन दिवस कालवा चालला. मी शिल्डवाला.

नऊ वर्षांच्या पोराचा बाप
हैदराबादच्या ओगबेचेनं १८ गोल मारले, गोल्डन बूट घेतला. पण आमच्या पोरानं पिवळ्या टी-शर्टच्या पाठीवर मार्करनं 'जाधव' लिहून घेतलं. आमचं आडनाव पाटील. आजोबांना अजून पटलेलं नाही.