मदत हवी आहे: बॉक्सएन वाघिणींचा कोळशाचा रेक, एचओमध्ये माप कुठे पाळू आणि कुठे सोडू?

दीपनगर_लूप

नमस्कार मंडळी,

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राला कोळसा आणणारी मालगाडी बनवायला घेतली आहे. काळ साधारण १९९०. पुढे भुसावळ शेडचे डब्ल्यूएजी-५ विजेचे इंजिन, मागे बॉक्सएन (वरून उघड्या वाघिणी), शेवटी ब्रेक व्हॅन. खरा रेक ५८ वाघिणींचा. एचओमध्ये, म्हणजे १:८७.१ या प्रमाणात, तो सात मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे घरात बारा-चौदांवर थांबायचे ठरले आहे. लांबीतली ही तडजोड मला खुपत नाही. पण एकेक वाघीण बॉक्सएनच दिसली पाहिजे, तांबडा रंग फासलेली अमेरिकन गोंडोला वाघीण नको.

सांगाडा मी स्वतः कॅडमध्ये काढते आणि रेझिनमध्ये प्रिंट करते. मूळ मापे अशी: कपलर (डबे जोडणारा आकडा) ते कपलर १०७१३ मिमी, दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांतले अंतर ६५२४, रुंदी ३२००, रुळापासून उंची ३२२५. ८७.१ ने भागले की १२३, ७४.९, ३६.७ आणि ३७ मिमी. इथवर सगळे सरळ आहे. अडचण फरशीच्या खाली सुरू होते.

आपले गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६७६ मिमी. एचओचा तयार रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे तो १४३५ च्या गेजचा. आपल्या ब्रॉडगेजला एचओमध्ये १९.२४ मिमी लागतात. मग बोगी. बॉक्सएनची कॅसनब बोगी ही अमेरिकन पद्धतीच्या तीन तुकड्यांच्या ओतीव बोगीच्याच कुळातली, म्हणून तयार अमेरिकन बोगी लावायचा मोह होतो. पण कॅसनबच्या दोन चाकांमधले अंतर २००० मिमी, एचओमध्ये २३. अमेरिकन शंभर टनी बोगीचे १७७८, म्हणजे २०.४. अडीच मिमी तोकडी बोगी बाजूने बघताना लगेच डोळ्यांत येते. चाकही तसेच: आपले १००० मिमी, म्हणजे ११.५. अमेरिकन ३६ इंची चाक १०.५ भरते.

आणि सगळ्यांत मोठा घोळ कपलरच्या उंचीचा. ब्रॉडगेजवर सीबीसीची (मधोमध असलेल्या कपलरची) उंची रिकाम्या गाडीला जास्तीत जास्त ११०५ आणि भरलेल्या गाडीला कमीत कमी १०३० मिमी. एचओमध्ये १२.७ ते ११.८. मॉडेलवाले वापरतात त्या केडी कंपनीच्या कपलरची प्रमाणित उंची ९.९. केडीच्या उंचीला जुळवायचे तर कपलर हेडस्टॉकच्या (सांगाड्याच्या टोकाच्या आडव्या तुळईच्या) खाली लोंबकळल्यासारखा दिसतो. खऱ्या उंचीवर बसवला तर मित्रांच्या गाड्यांशी जोडता येत नाही.

चारही गोष्टी एकदम पाळणे मला जमेल असे वाटत नाही. ज्यांनी आपल्या वाघिणी बनवल्या आहेत त्यांनी यातले काय पाळले, काय सोडले आणि का, ते कृपया सविस्तर सांगा.

पितळी_स्क्रू

गेज सोडू नका. पुढून बघताना आपल्या गाडीचा जो ऐसपैसपणा आहे तो गेजमुळे आहे. ३६.७ मिमी रुंद डबा १६.५ च्या रुळावर ठेवला की दोन्ही बाजूंना दहा-दहा मिमी बाहेर येतो, हवेत आठ-पावणेनऊ. १९.२४ चा रूळ हाताने बसवता येतो. तांब्याचा थर असलेल्या पट्टीचे स्लीपर कापायचे, त्यावर रूळ डाखायचा. वेळखाऊ आहे, अवघड नाही.

दीपनगर_लूप

सरळ रूळ मी डाखीन. पण कोळशाच्या सायडिंगला सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आहेत, तेही हातानेच करावे लागतील, आणि इंजिनाची सगळी चाके ॲक्सलवर सरकवावी लागतील. गाडी मित्राच्या मांडणीवरही धावावी अशी इच्छा आहे. १९.२४ घेतले तर ती माझ्या खोलीतच राहील.

राइनकाठी

मी जर्मनीत असतो, इथल्या गाड्यांवरून सांगतो. चाकासाठी अमेरिकेकडे बघू नका. युरोपातल्या जुन्या मालडब्यांची चाकेही १००० मिमीच्या आसपासची असतात, त्यामुळे एचओत ११ मिमी व्यासाचे चाकजोड सहज मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुणाला दिसणार नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडलेली. आपल्या बोगीत जर्नलच्या (ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या टोकांच्या) केंद्रांतले अंतर २२६० मिमी, म्हणजे एचओमध्ये २५.९. एचओच्या तयार टोकदार ॲक्सलची टोकापासून टोकापर्यंत लांबी २५ मिमीच्या आगेमागे असते. अमेरिकन गाडीसाठी ती खरे तर जास्त आहे, आपल्यासाठी जवळजवळ नेमकी. म्हणजे चाके आत सरकलेली असली तरी बोगीच्या बाजूच्या चौकटी जिथे हव्यात तिथेच येतात. तिरक्या कोनातून बघितले तर गेजची उणीव चौकटीआड जाते. तेव्हा १६.५ ठेवा, २३ मिमीची कॅसनब चौकट स्वतः प्रिंट करा आणि निर्धास्त राहा.

निवृत्त_सीअँडडब्ल्यू

ताई, उभी हयात याच वाघिणींखाली वाकून गेली, म्हणून लिहितो.

चाक नवे असते तेव्हा १००० मिमी. टर्निंग (झिजलेले चाक लेथवर कापून सारखे करणे) होत होत ९०६ ला ते बाद होते. त्यामुळे तुमचे ते १०.५ वाले अमेरिकन चाक एचओमध्ये ९१५ चे झाले, बाद व्हायच्या बेतात आलेले. एखाद्या वाघिणीला ते खुशाल लावा, सगळ्या रेकला नको. चाक कापले गेले की कपलर खाली येतो, तो वर आणायला आम्ही पॅकिंग देत असू. म्हणून उंचीचे माप एकच धरू नका. तुमचा रेक भरलेला आहे, स्प्रिंगा दबलेल्या आहेत, तेव्हा १०३० च्या बाजूला झुका.

आता ज्याकडे मॉडेलवाले बघत नाहीत ते सांगतो. वीज केंद्रात बॉक्सएन टिपलरवर रिकामी होते. अख्खी वाघीण पकडून उलटी करतात. त्या पकडीने वरची कड जागोजागी वाकते, रंग उडतो, बाजूचा पत्रा खांबांच्या मधे बाहेर फुगतो. सहा-सात वर्षे वापरलेल्या वाघिणीची बाजू ताठ सपाट कधी नसते. प्रिंटमध्ये प्रत्येक खण थोडा वेगळा फुगवा. चौदा वाघिणी एकाच साच्यातून निघालेल्या दिसल्या तर तुमची सगळी मापे बरोबर असूनही ती मालगाडी वाटणार नाही.

अक्षरांचेही बघा. अकरा आकडी क्रमांक तुमच्या काळानंतरचा आहे. त्यात पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. १९९० च्या वाघिणीवर तो टाकू नका, मालक रेल्वेची अक्षरे आणि जुन्या पद्धतीचा क्रमांक टाका. पीओएच (मुदतीची मोठी दुरुस्ती) पहिल्यांदा ६ वर्षांनी, पुढे दर साडेचार वर्षांनी, आणि आरओएच (मधली छोटी दुरुस्ती) १८ महिन्यांनी. म्हणजे १९८४ ची वाघीण १९९० मध्ये नुकतीच पीओएच होऊन आलेली, रंग ताजा. १९८६ ची मात्र कळकट. रेकमध्ये दोन्ही मिसळा.

थर_आणि_रेझिन

माझ्याकडे बॉक्सएनची तयार फाइल आहे, हवी तर पाठवतो. लांबी १०९६३ धरली आहे.

निवृत्त_सीअँडडब्ल्यू

१०९६३ म्हणजे बॉक्सएनएचएल. ती स्टेनलेस स्टीलची आणि खूप नंतरची. एचओत जेमतेम तीन मिमी लांब आहे, पण १९९० मध्ये ती अस्तित्वातच नव्हती.

थर_आणि_रेझिन

बरोबर, फाइल एचएलचीच आहे. मग उपयोगाची नाही. प्रिंटबद्दल एक सांगतो: रेझिनची भिंत एक मिमीपेक्षा पातळ केली तर ती वाकते, आणि एक मिमी म्हणजे खऱ्या वाघिणीत ८७ मिमी जाडी. वरच्या कडेपाशी आतून तिरका उतार द्या, म्हणजे डोळ्यांना दिसणारी कड पातळ राहते. कोळसा कडेच्या जरा खालपर्यंत भरला की उरलेली जाडी झाकली जाते. वजनही कोळशाखालीच लपवा. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एचओला एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. १२३ मिमीच्या वाघिणीला साधारण ९७ ग्रॅम.

साडेपाच_फूट

ताई, तुमची चार दुखणी आहेत आणि माझ्या मते चारांचे मूळ एकच आहे: एचओ हे प्रमाण. ते बदलून बघा.

ब्रिटनमध्ये फुटाला ३ मिमी असे एक जुने प्रमाण आहे, १:१०१.६. तिथे १९५७ मध्ये ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीने टीटी नावाने ते बाजारात आणले, त्यांच्या गेजसाठी १२ मिमीच्या रुळावर. आपले गेज साडेपाच फूट. साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा. म्हणजे दुकानात मिळणारा एचओचा रूळ १:१०१.६ मध्ये आपले ब्रॉडगेजच होतो, नेमका. सांधे तयार, रूळ तयार, काही डाखायचे नाही.

आता बाकीचे मोजा. कॅसनबचे २००० मिमी होतात १९.७. अमेरिकन सत्तर टनी बोगीचे ५ फूट ८ इंच एचओमध्ये १९.८ भरतात. चाक हवे ९.८४, अमेरिकन ३३ इंची चाक ९.६ चे. काकांच्या हिशेबाने ते ९७७ मिमीचे झाले, एखाददुसरे टर्निंग झालेले, अगदी रोजच्या वापरातले. कपलर १०.९ ते १०.१. भरलेल्या रेकला १०.१ धरले तर केडीच्या ९.९ पासून तो दोन दशांश मिमीवर येतो, आणि मित्राच्या गाडीला जोडताही येतो. वाघिणीची लांबी १०५.४. त्याच खोलीत दोन-तीन वाघिणी जास्त बसतील.

दीपनगर_लूप

हे वाचल्यावर कागद घेऊन बसले. सगळे आकडे जुळतात! एवढ्या दिवसांत हा विचार डोक्यात आला नव्हता. दोन शंका आहेत. मित्राच्या एचओ गाड्यांशेजारी ही वाघीण लहान दिसेल का? आणि इंजिन: माझ्याकडे एचओची सहा ॲक्सलची चासी आहे, तिच्या बोगीतले अंतर ४४ च्या आसपास भरते. डब्ल्यूएजी-५ चे ३८१० मिमी. एचओला ती फिट, पण १:१०१.६ ला ३७.५ लागतील.

राइनकाठी

मी आणखी एक शंका घालतो, कारण ताईंनी निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा. मी ॲक्सलबद्दल जे लिहिले ते इथे उलटते. १:१०१.६ मध्ये जर्नलचे अंतर २२.२ मिमी हवे. तयार एचओ बोगी लावली तर चौकटी प्रत्येक बाजूला दीड मिमी बाहेर येतील. गेज बरोबर, पण बोगी रुंद. डबा ३१.५ मिमी रुंद आहे, त्यामुळे चौकट डब्याबाहेर डोकावणार नाही, तरी पुढून बघताना फरक आहे.

साडेपाच_फूट

मान्य. म्हणून मी चौकट प्रिंट करतो आणि ॲक्सलची टोके आखूड करून पितळी बुशमध्ये बसवतो. ज्याला एवढे नको त्याने तयार बोगीच्या चौकटीचा बाहेरचा फुगवटा घासून घ्यावा, दीडापैकी निम्मा फरक तिथेच जातो.

मित्राच्या गाड्यांशेजारी वाघीण लहान दिसेल, ते खरे आहे. पण अमेरिकन गाडीशेजारी आपली बॉक्सएन उभी राहण्याचा प्रसंग तसाही येत नाही. इंजिनाचे दुखणे खरे आहे, त्याला सोपा उपाय नाही. ३७.५ ची बोगी स्वतः जुळवावी लागेल, ट्रॅक्शन मोटर एका बोगीत आणि दुसरी नुसती फिरती. एवढ्या लहान रेकला एक बोगी पुरते.

निवृत्त_सीअँडडब्ल्यू

ताई, इंजिन एक आहे, वाघिणी चौदा. ज्या चौदा रोज दिसणार त्यांच्या बाजूने निर्णय घ्या.

दीपनगर_लूप

काका, पटले. वाघिणी १:१०१.६ मध्येच करते, चौकट प्रिंट करून. इंजिनाला सगळ्यांत शेवटी हात लावीन, एचओ चासी कुणाला हवी असल्यास सांगा. पत्रा फुगवण्यासाठी चार वेगवेगळ्या बाजू काढून त्यांची अदलाबदल करणार आहे. शेवटचा प्रश्न: पुण्यात वास्तुविशारदांच्या मॉडेलसाठी १:१०० ची माणसे, झाडे, जीप मिळतात. मग सरळ १:१००च का घेऊ नये? भागाकारही सोपा, १०७१३ चे १०७.१.

साडेपाच_फूट

घेता येईल. गेज १६.७६ हवे आणि असेल १६.५, पाव मिमीचा फरक, दिसणार नाही. पण कपलर ११.०५ ते १०.३ मध्ये जातो आणि केडीपासून आणखी दोन दशांश लांब होतो. चाकही १० मिमीचे लागेल, ३३ इंची थोडे आणखी लहान पडेल. म्हणून वाघिणी १:१०१.६ मध्ये ठेवा आणि माणसे-झाडे १:१०० ची आणा. दीड टक्क्याने उंच माणूस सायडिंगवर उभा राहिला तर चालतो. कोळशासाठी खरा दगडी कोळसा फोडून चाळून घ्या, १ मिमीच्या आतले कण निवडा, आणि ढीग सपाट करू नका. वरून ओतलेला कोळसा मधे उंच आणि कडेला उतरता असतो.