मदत हवी आहे: सुलोचनादीदींच्या जुन्या चित्रपट-पुस्तिका कोणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी,

आमच्या पेठेतल्या वाचनालयात सुलोचनादीदींवर छोटंसं प्रदर्शन लावायचं चाललंय. जन्म १९२८ चा, गाव चिकोडीजवळचं खडकलाट, पण अभिनेत्री म्हणून घडल्या त्या इथंच कोल्हापुरात, जयप्रभा स्टुडिओत, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. पुढं ‘वहिनीच्या बांगड्या’ (१९५३), ‘मोलकरीण’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’मधल्या जिजाऊ. हिंदीत तर नायक कुणीही असो, आई ह्याच! १९९९ ला पद्मश्री, २००९ ला महाराष्ट्र भूषण. २०२३ च्या जूनमध्ये त्या गेल्या.

हिंदीतली आई सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं त्यावर फार जागा घालवायची नाही. मला हवाय तो कोल्हापूरचा काळ. थेटरात गाण्यांची पुस्तिका विकत मिळायची बघा, ती कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असेल तर फोटो काढू द्याल का? मूळ प्रत नको, तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोरच फोटो काढीन. घरातल्या कुणी जयप्रभात काम केलं असेल, मग ते सुतारकाम असो, रंगभूषा असो की गर्दीतली भूमिका, त्यांच्या आठवणीही लिहून घ्यायच्या आहेत.

आणखी एक. आमच्याकडं एक पुस्तिका आहे, पिनेला गंज चढून मधलं पान सुटलंय, घडीवर कागदाचा भुगा पडतोय. एकजण म्हणतो, लॅमिनेट करून टाका. मला ते पटत नाही, एकदा चिकटलं की संपलं. जुन्या कागदाचं काम नीट जाणणारं कोल्हापुरात किंवा सांगलीकडं कुणी आहे का? मेसेज करा, फोन केलात तरी चालेल.