नर्सिंग ऑनलाइन: व्हिडिओ बघून वॉर्डाचे तास भरले म्हणायचं का?

कृष्णाकाठ

मार्च २०२० मध्ये नर्सिंग कॉलेजं बंद झाली, वॉर्डातल्या पोस्टिंग थांबल्या आणि एएनएम, जीएनएम, बीएससी या सगळ्या नर्सिंग अभ्यासक्रमांचे वर्ग मोबाइलवर गेले. तेव्हा इलाज नव्हता. पण आता 'पुढची साथ आली तर प्रात्यक्षिकही ऑनलाइन उरकू, व्हिडिओ तयारच आहेत' असा सूर लावला जातो, त्याला माझा सरळ विरोध आहे. थिअरी खुशाल ऑनलाइन घ्या. प्रोसिजर बघितली म्हणून वॉर्डाचे तास भरले असं मात्र धरू नका.

कॅथेटरचंच, म्हणजे लघवीच्या नळीचंच घ्या. लघवी आली की नळीच्या टोकाचा फुगा फुगवायचा, एवढं व्हिडिओत दिसतं. पुरुष रुग्णात लघवी दिसल्यावरही कॅथेटर पार दुभाजकापर्यंत, म्हणजे नळीला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत, आत सरकवायचं आणि मगच लेबलवर लिहिलेलं, बहुधा १० मिली, निर्जंतुक पाणी भरायचं, हेही सांगता येईल. पण पाणी भरताना विरोध जाणवला किंवा रुग्ण कळवळला तर तिथेच थांबायचं असतं, कारण फुगा मूत्रमार्गात असतो आणि पुढे रेटलं तर मार्ग फाटतो, रक्त येतं. तो विरोध केवढा, हे सिरिंजवर ठेवलेल्या अंगठ्यालाच कळतं. घरून पाठवलेल्या रिटर्न डेमोत, म्हणजे शिकलेलं करून दाखवलेल्या व्हिडिओत, ट्यूटरला फक्त हात दिसतात. कोपर ट्रेला लागून निर्जंतुक जागा खराब झाली, तर ते चौकटीबाहेर राहतं.

रात्रपाळी

वॉर्डात पाठवलं की शिक्षण झालं, हे तुम्ही गृहीत धरताय. एका बेडभोवती पंधरा मुली उभ्या असतात आणि मागच्या रांगेतल्या मुलीला फक्त ट्यूटरची पाठ दिसते. बाकीचा वेळ रिपोर्ट आणणं, बेड करणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरणं यात जातो. रजिस्टरवर तास पूर्ण असतात! त्यापेक्षा जवळून घेतलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ थांबवून थांबवून तीनदा बघितला तर जास्त पदरात पडतं.

शिवाय ज्याला तुम्ही प्रात्यक्षिक म्हणता, त्यातला मोठा भाग डोक्याचं काम आहे. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सलाईनच्या नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब, घड्याळ लावून मोजायचे तर १५ सेकंदांत १० ते ११. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. मुली चुकतात ते पाकिटावरचा आकडा न वाचता २० धरून चालल्यामुळे. सेट १५ थेंबांचा निघाला तर त्याच ४२ थेंबांनी बाटली तीन तासांतच रिकामी होते, आणि रुग्ण हृदयविकाराचा असेल तर छातीत पाणी भरायला तेवढं पुरतं. ही गणितं ऑनलाइन रोज दहा देता येतात. वॉर्डात सिस्टरांकडे तेवढा वेळ नसतो.

पार्टोग्राफचं, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या आलेखाचंही तसंच. सकाळी ८ वाजता गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलं होतं, दुपारी १२ ला ६ सेंमी आहे. तासाला १ सेंमी या हिशेबाने ८ हवं होतं. बिंदू अ‍ॅलर्ट लाइनच्या, म्हणजे या हिशेबाच्या रेषेच्या, उजवीकडे गेला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तर रेफर करायची तयारी इथेच सुरू. आकडे द्यायचे, कागदावर आलेख काढून फोटो मागवायचा, वहीत लाल शाईने जसं तपासतो तसं तपासून परत पाठवायचं. कुणी २ सेंमीपासूनच बिंदू मांडायला लागली की फोटोत लगेच सापडते.

धडगाव_रेंज

तुमचं दोघांचंही म्हणणं मोबाइलला रेंज आहे असं धरून चाललंय. व्हिडिओ वर्गाला तासाला अर्धा ते एक जीबी डेटा जातो. घरात एकच फोन, त्यावर दिवसाला दीड जीबी, आणि धाकट्या भावंडांची शाळाही त्याच फोनवर. तिसरं लेक्चर सुरू होईपर्यंत पॅक संपतो. धडगाव, अक्कलकुवा, भामरागड इकडच्या मुलींसाठी 'थिअरी खुशाल ऑनलाइन' हेसुद्धा खुशाल नाही.

थेट वर्ग हट्टाने घेऊ नका. नुसता आवाज ३२ केबीपीएसवर रेकॉर्ड केला तर तासाचं लेक्चर १५ एमबीच्या आत बसतं. त्याबरोबर आठ-दहा पानांची पीडीएफ, आकृत्यांसकट. रात्री रेंज मिळेल तेव्हा मुली उतरवून घेतील. थेट वेळ फक्त शंकांसाठी, आठवड्यातून दोनदा, साध्या फोन कॉलवर पाच-पाच जणींचे गट करून. आणि हजेरी स्क्रीनवरच्या नावावर लावू नका, दोन दिवसांत आलेल्या उत्तरांवर लावा. नाहीतर रेंज नाही म्हणून गैरहजर, आणि गैरहजर म्हणून परीक्षेला अपात्र, असं होतं. हा अन्याय आहे.

लॅब_इन्चार्ज

'अमेरिकेत सिद्ध झालंय' हा दाखला या वादात हमखास येतो, म्हणून आधीच लिहितो. तिथल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा अभ्यास २०१४ साली आला. दहा नर्सिंग कॉलेजांत वॉर्डाच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले, तरी मुलींच्या तयारीत फरक पडला नाही. पण ते सिम्युलेशन म्हणजे खऱ्या खोलीत मॅनिकिन (सरावाचा पुतळा), प्रशिक्षित शिक्षक आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून केलेली चर्चा. मोबाइलवरचा व्हिडिओ हे सिम्युलेशन नव्हे. एका शब्दाखाली दोन्ही ढकलायचं आणि तो अभ्यास पुढे करायचा, ही फसवणूक आहे.

घरी उशीवर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) करून घेतलेले व्हिडिओ तपासायला घ्या. मिनिटाला १०० ते १२० हा वेग उशीवरही बसतो. ५ ते ६ सेंमी खोली आणि दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं हे उशीवर कळतच नाही. हात उशीवर रेललेले राहतात आणि तीच सवय लागते. पीपीई काढण्याचा क्रम मात्र व्हिडिओवर उत्तम तपासता येतो. पूर्ण शरीर दिसेल असा फोन टेकवून ठेवायचा, ग्लोव्हज आधी, मास्क शेवटी, मध्ये हात कितीदा निर्जंतुक केले ते मोजायचं. तेव्हा सरसकट हो किंवा नाही म्हणू नका, एकेक कौशल्य घेऊन ठरवा.

कृष्णाकाठ

रात्रपाळी, तुमचं पार्टोग्राफचं मान्य. डेटाचंही मान्य, 'खुशाल' हा शब्द मागे घेतो. पण त्या आलेखात कळांचे आकडे कुठून येतात? पोटावर हात ठेवून दहा मिनिटं बसायचं, कळा किती आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली ते मोजायचं. हात बसला नसेल तर आकडा चुकीचा येतो आणि आलेख सुबक दिसूनही खोटा ठरतो.

बीएससीच्या जुन्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात केसबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, ३० गरोदर तपासण्या, स्वतः केलेली २० नॉर्मल बाळंतपणं, ५ योनीमार्ग तपासण्या होत्या. ही संख्या स्क्रीनवर कशी भरणार? साथीत ऑपरेशनं पुढे ढकलली जातात, बाळंतपणं थांबत नाहीत. चार-चार मुलींचे गट करून ग्रामीण रुग्णालयांत पंधरा दिवसांच्या पाळ्या लावता आल्या असत्या.

रात्रपाळी

कुणाच्या जबाबदारीवर? लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. त्याआधीच्या दहा महिन्यांत कामावरच्या सिस्टरांनाच पीपीई पुरत नव्हतं. मे २०२१ मध्ये केंद्राने कोविड ड्युटीसाठी नर्सेस वापरायचं ठरवलं, तेही बीएससी किंवा जीएनएम पास झालेल्यांना, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. विद्यार्थिनीला पगार नाही, रजा नाही, आजारी पडली तर खर्च वडिलांचा. विमा, पीपीई आणि विलगीकरणाची खोली लेखी मिळत असेल तरच पाळी लावा, नाहीतर नको.

लॅब_इन्चार्ज

यावर दोघांचं जमेल असं वाटतं. केसबुकात रकाने वेगळे करा: व्हिडिओ बघितला, मॅनिकिनवर केलं, रुग्णावर देखरेखीखाली केलं, रुग्णावर स्वतः केलं. आज सगळ्यांवर एकच सही होते. साथ ओसरल्यावर ज्या मुलीचे शेवटचे दोन रकाने रिकामे आहेत, तिला आधी वॉर्डात पाठवायचं, मगच अंतिम प्रात्यक्षिक. त्याने सहा-आठ आठवडे वाढतील.

धडगाव_रेंज

वाढलेल्या आठवड्यांची हॉस्टेल फी कोण भरणार, तेही त्याच कागदावर लिहा. आमच्याकडच्या मुली तिथेच गळतात.