मुस्तफा दंतकथा होणार का? बोर्ड, स्टिक, सेटिंग – अनुभव लिहा

गोदाकाठी
'मुस्तफा' म्हटलं की कुठला गेम ते शालिमारपासून नाशिकरोडपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. पार्लरच्या मशीनवरचा मारामारीचा व्हिडिओ गेम, खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. कॅपकॉम, १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर बेतलेला. निवडायची पात्रं चार: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्याकडे मात्र टोपीवाल्याचंच नाव गेमला चिकटलं.

प्रश्न असा, की आणखी वीस-पंचवीस वर्षांनी हा गेम लोक खेळतील, की नुसतं नाव उरेल? शाळा बुडवून खेळायचो, घरी मार खाल्ला, हे सगळ्यांचं सारखंच आहे, ते नको. ज्यांनी या मशीनमधले बोर्ड उघडलेत, कॅबिनेट बांधलीत, सेटिंग लावलीत त्यांनी नेमकं लिहा.

जुना_बोर्ड
नाव उरेल. मूळ बोर्डाची खात्री देत नाही.

कारण सेल. हा गेम कॅपकॉमच्या सीपीएस-१ या आर्केड बोर्डाच्या शेवटच्या, क्यूसाउंडवाल्या (स्टिरिओ आवाजाच्या) पिढीतला. यात लिथियम सेल दोन ठिकाणी असतो. एक चित्राच्या कस्टम चिपसाठी, दुसरा आवाजाच्या 'काबुकी' प्रोसेसरसाठी. कॉपी होऊ नये म्हणून चिपची सेटिंग आणि आवाजाच्या प्रोग्रामचं कुलूप सेलवर जिवंत ठेवलेलं आहे. पहिला सेल संपला की चित्र फाटतं किंवा गेम चालूच होत नाही. दुसरा संपला की आवाजाचा प्रोसेसर मुका. बोर्ड जळालेला नसतो, फक्त विसरलेला असतो. असे बोर्ड भंगारात गेलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सेल बदलताना:
– आधी मीटर लावा. सेलवर छापलेल्या व्होल्टेजपेक्षा खाली उतरू लागला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका.
– जुना काढण्याआधी तेवढ्याच व्होल्टेजचा दुसरा सोर्स समांतर जोडा, मग सोल्डरचे डाग सोडवा. मध्ये वीज तुटली तर आठवण गेली.
– सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग हवंच.
– चार्ज होणारा सेल टाकू नका. हे सर्किट चार्जिंगचं नाही.

सेल आधीच मेला असेल तरी उपाय आहे. चित्राच्या चिपच्या पिना बदलून आणि दुरुस्त प्रोग्राम टाकून बोर्ड बिनसेलचा करता येतो. हल्ली काबुकीत चाव्या परत भरण्याची पद्धतही माहीत झाली आहे. पण ते काम हात बसलेल्याचं. पहिला प्रयोग मुस्तफावर करू नये.

भद्रकाली_वायरमन
जुना_बोर्डदादा, सेलचं पटलं. पण माझ्याकडे 'बंद' म्हणून येणाऱ्या बोर्डांत सेलपेक्षा पॉवर सप्लायचीच तक्रार जास्त. कॉइन टाकला की रीसेट, तिघे स्क्रीनवर आले की रीसेट. सप्लायवर मोजलं तर ५ व्होल्ट बरोबर दिसतात. मोजायचं तिथे नाही, बोर्डाच्या कडेला. तिथे ४.७ मिळतात, कारण वायर बारीक आणि कनेक्टर काळा. कडेला ५.०० ते ५.१० हवेत. सप्लायचं व्होल्टेज वाढवणारा ट्रिमर फिरवण्याआधी जाड वायर टाका, जामाच्या (बोर्डाच्या कडेच्या ठरावीक जोडणीच्या) ३-४ आणि सी-डी या चारही पिनांना. ग्राउंडच्या आठही. एकाच पिनेवर भागवलेलं असतं, तीच तापून काळी पडते.

कडा साफ करायला खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर मारणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. सोन्याचा मुलामा एकदा गेला की दर महिन्याला तोच धंदा.

जुन्या वाड्यातल्या तळमजल्यावर, गंगेच्या (गोदावरीच्या) बाजूला, बोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल चढते, पिना हिरव्या पडतात.

एमजीरोड_मॉनिटर
नकली बोर्डाबद्दल कुणी बोललं नाही. आपल्या पार्लरमध्ये खूपदा नकलीच असायचे. ओळख सोपी: आवाज ऐका. मूळ बोर्डात क्यूसाउंड आहे, स्टिरिओ, मारामारीचा आवाज भरीव येतो. नकलीत ओकेआय नावाची साधी आवाजाची चिप असते, संगीत पातळ आणि तुटक. ज्यांना 'मुस्तफाचं म्युझिक' म्हणून जे आठवतं ते कित्येकदा नकलीचंच असतं. गंमत अशी, की नकलीत हे सेलचं कुलूपच नसतं. त्यामुळे तो जास्त वर्षं जगणार.

सातपूर_सुतार
कॅबिनेटवाल्यांसाठी. १८ मिमी प्लायमध्ये क्लिप बसणारी बटणं धरत नाहीत, त्यांच्या क्लिपा पातळ पत्र्यासाठी असतात. नटवाली बटणं घ्या आणि भोक पाडायला २८ मिमीचं होल सॉ वापरा. क्लिपवाली हवीच असतील तर वर पत्रा, त्यात ३० मिमीची भोकं. स्टिक खालून बसवताना प्लाय राउटरने कोरावा लागतो, नाहीतर दांडी बुटकी पडते. वरच्या ॲक्रिलिकचं कटिंग अंबडला लेझरवर करून घ्या, घरी ड्रिल मारलं की तडा ठरलेला.

गेम दोनच बटणांचा आहे, मारणे आणि उडी. चारचार बटणं ठोकून पॅनेल भरवू नका. दोन्ही बटणं इतकी जवळ हवीत, की एका अंगठ्याने एकदम दाबता येतील. दोन्ही एकत्र दाबल्यावरच तो सुटकेचा फटका बसतो, त्यात आपलीही लाइफ कापली जाते.

कॉलेजरोड_पाय
घरच्या टीव्हीवर लावणाऱ्यांची नेहमीची चूक: चित्र पूर्ण स्क्रीनभर ताणणे. मेस आधीच पैलवान, त्यात तो गोदामासारखा दिसतो. मूळ चित्र ३८४ × २२४ आहे, पण ते ४:३ च्या काचेवर बसवायचं असतं. म्हणजे त्याचे ठिपके चौकोनी नाहीत, उभट आहेत. गुणोत्तर ४:३ ठेवा. १०८० च्या टीव्हीवर उंची चारपट केली तर ८९६ ओळी होतात, वरखाली काळ्या पट्ट्या राहतात. राहू द्या, ठिपके सारखे दिसतात.

बटण उशिरा लागतंय असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. बाकी सेटिंगमध्ये शिरायचं नंतर. गेम रासबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर चालवत असाल तर त्याला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचाच चार्जर द्या. मोबाइलच्या लांब बारीक केबलवर कोपऱ्यात विजेची खूण येते आणि ऐन बॉसला गेम अडखळतो.

रॉमवर (गेमच्या प्रोग्रामच्या फाइलवर) हक्क कॅपकॉमचा आहे, हे लक्षात ठेवून काय ते करा.

आडगाव_रीप्ले
मला नाही वाटत दंतकथा होईल. दंतकथा होते ती परत परत विकली जाते त्याची. कॅपकॉमने २०१८ मध्ये मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता. मुस्तफा नव्हता. घरच्या कन्सोलवर तर तो कधीच आला नाही. कॉमिक दुसऱ्याचं, 'कॅडिलॅक' नाव जनरल मोटर्सचं. इतक्यांच्या सह्या कोण गोळा करणार?

गोदाकाठी
'पनिशर'चंही असंच म्हणत होते. तोही कॅपकॉमचा, १९९३ चाच, मार्व्हलच्या हक्कांत अडकलेला. २०२४ मध्ये आला ना मार्व्हलवाल्या संचात?

आडगाव_रीप्ले
आला, कारण मार्व्हलला आज गिऱ्हाईक आहे. 'झेनोझोइक'ला कोण विचारतं? आपल्या गल्लीतसुद्धा मूळ नाव सांगावं लागतंय, धाग्याची पहिलीच पोस्ट बघा.

हॅनावाली
आडगावकर, विक्रीचं सोडा. तिघांनी एका वेळी, एका बाजूला सरकत खेळायचा गेम आहे हा. म्हणून तिसऱ्या सेशनची (टप्प्याची) गाडी, हॉग या बॉसच्या मोटारसायकलवाल्यांना उडवणं, हे नवख्यालाही लगेच कळतं. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तर ती फेकून मारता येते. एवढ्यावर कुणीही पाच मिनिटांत रमतं.

पण भद्रकालीकाका, एक अडलंय. जामात तर दोनच खेळाडूंच्या वायरी. तिसरी स्टिक कुठे?

भद्रकाली_वायरमन
जामाच्या कडेला शोधू नका ताई. तिसऱ्याची जोडणी बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरवर असते, ती वायरींची हार्नेस कॅबिनेट विकताना हमखास हरवते. नवी बनवा, ग्राउंड जामाच्याच ग्राउंडला जोडा. आणि वायर लागली तरी तिसरा येत नसेल तर टेस्ट मेन्यू उघडा, पिन १५ ग्राउंडला टेकवून. या बोर्डाला सेटिंगसाठी डिप स्विच (बोर्डावरचे बारीक स्विच) नाहीत, सगळं त्या मेन्यूत आहे. तिथल्या इनपुट टेस्टमध्ये तिसऱ्याची स्टिक हलवून बघा. तिथे हलली तर वायर बरोबर, मग खोड सेटिंगमध्ये.